साथीला बुवा

अमेरिकेत ज्यांच्याबरोबर मी वाजवायचो त्या बँजोवाल्या बुवांचं खरं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि बारा वर्षं मी त्यांना बुवाच म्हणत आलो.

"आमच्या मुंबईतही बँजो असतो," हे मी त्यांच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. खोटं नव्हतं, पण फारसं खरंही नव्हतं. लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला ‘बेंजो’ म्हटलं की विसर्जनाची मिरवणूक आठवते. टेम्पोत स्पीकरची भिंत, आणि टाइपरायटरसारखी बटणं दाबत, तारा छेडत कोळीगीतांपासून सिनेमाच्या गाण्यांपर्यंत सगळं वाजवणारा बेंजो पार्टीचा उस्ताद. मूळ वाद्य जपानी. नागोया शहरात 1912 साली गोरो मोरिता नावाच्या माणसाने बनवलेलं ताइशोगोतो आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झालं, आणि गिरणगावात त्याला बेंजो हे नाव कसं चिकटलं ते गणपतीलाच ठाऊक. मी फोनवर त्यांना एका मिरवणुकीची चित्रफीत दाखवली. त्यांनी ती तीनदा पाहिली. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "एवढ्या गोंगाटात हा माणूस सुरात कसा लावतो?"

हे 2010 सालचं. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहराबाहेर एका जुन्या चर्चच्या तळघरात दर गुरुवारी संध्याकाळी लोक वाद्यं घेऊन जमत. मी दिवसभर एका बँकेची सॉफ्टवेअरं सांभाळणारा, गहाणवटीच्या दुकानातून साठ डॉलरला घेतलेलं मॅन्डोलिन काखोटीला मारून तिथे गेलो होतो. मला तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे स्वरांचे तीन गट, येत होत्या. ब्लूग्रासमध्ये, म्हणजे तिथे वाजायच्या त्या अमेरिकन संगीतात, त्या तीन कॉर्डवर पुष्कळ दूर जाता येतं, हे नंतर कळलं.

या संगीताचं वय फार नाही. केंटकीच्या बिल मन्रोने आपल्या बँडला ‘ब्लू ग्रास बॉईज’ नाव दिलं, कारण केंटकीला ‘ब्लूग्रास’चं राज्य म्हणतात. त्या बँडचं नाव पुढे सगळ्या प्रकाराला पडलं. डिसेंबर 1945 मध्ये त्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज नावाचा एकवीस वर्षांचा शांत मुलगा आला. तीन बोटांत नख्या घालून त्याने बँजो असा वाजवला की आधीचा बँजो लोकांना विनोदी नटाच्या हातातलं खेळणं वाटायला लागलं. हा मुलगा शार्लटपासून तासाभराच्या अंतरावरचा. आमच्या तळघरात त्याचं नाव घेताना कोणी कान पकडत नसे एवढंच. बाकी भाव तोच.

ब्लूग्रासमध्ये तालवाद्य नसतं. ढोल नाही, ड्रम नाही. चार मात्रांतल्या एक आणि तीनवर खर्जाचा बास घुमतो, आणि दोन आणि चारवर मॅन्डोलिनवाल्याने कॉर्ड दाबून ‘छक’ असा कोरडा, तुटका आवाज काढायचा. छेडलं की लगेच बोटं सैल, नाद मागे रेंगाळता कामा नये. पहिल्या गुरुवारी मला हेच काम मिळालं. बुवा म्हणाले, "तू ड्रमवाला आहेस. फक्त तुला ड्रम दिलेला नाही."

"म्हणजे टाळकरी," मी म्हणालो आणि मग अर्थ सांगत बसलो. माझे वडील गिरणी कामगारांच्या भजनी मंडळात टाळ वाजवायचे. आमचं मूळ गाव सिंधुदुर्गातलं, त्यामुळे डबलबारी रक्तातच. दोन भजनी बुवा समोरासमोर, पेटी-मृदंग, मागे कोरस, आणि रात्र संपेपर्यंत एकमेकांना प्रश्न टाकत चाललेली बारी. इथेही बारीच असते. गाणारा एक कडवं म्हणतो, मग फिडल, म्हणजे व्हायोलिन, आपली बारी घेतं, मग बँजो, मग मॅन्डोलिन. एकच माइक मध्ये. ज्याची बारी तो पुढे सरकतो, संपली की खांदा वळवून मागे. हे सरकणं कोणी शिकवत नाही. गिटारची मान फिडलवाल्याच्या डोळ्यात जात नाही, हा रोजचा चमत्कार.

"मग तुमच्याकडे बुवा कोण असतो?" त्यांनी विचारलं.

"जो पुढे बसतो आणि सगळ्यांना ओढून नेतो तो. तुम्ही."

पुढच्या गुरुवारी ते आले तेव्हा बँजोच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने इंग्रजी अक्षरांत ‘बुवा’ लिहिलेलं होतं. दोन ‘ओ’ घालून.

बुवा गिरणीत होते. हे कळलं तेव्हा मला आपला कोणीतरी नातेवाईक सापडल्यासारखं झालं, जे अर्थातच माझं एकट्याचं वेड होतं. अमेरिकेचा हा दक्षिण भाग एके काळी गिरण्यांचा. सूत, टॉवेल, मोजे. गिरणीची घरं, गिरणीचं दुकान, गिरणीचा भोंगा. बुवा शाळा सोडून विणाई खात्यात लागले ते नव्वदीच्या अखेरीस खातंच बंद पडेपर्यंत. माझे वडील साचेवाले. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि माझ्या वडिलांना परत आत बोलावणं आलंच नाही. ते गावी गेले. त्यानंतर शेवटपर्यंत घरात ओरडूनच बोलायचे, कारण साच्यांच्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला आपला आवाज किती लागतो ते कळत नाही.

बुवांचा डावा कान असाच गेलेला. म्हणून ते नेहमी उजवा कान माझ्याकडे करून उभे राहत. लोकांना वाटायचं ही आमची काहीतरी खास जोडी आहे. त्यांना फक्त ‘छक’ नीट ऐकू यायला हवा होता. आणि समोरच्याचे ओठ वाचायची सवय, तीही गिरणीचीच. गाणारा श्वास कुठे घेणार हे त्यांना ऐकण्याआधी दिसायचं. त्या श्वासाच्या फटीत ते चारच स्वर असे टाकायचे की गाणाऱ्याला पुढचं कडवं आयतं हातात मिळे.

ते शिकले ते तबकड्यांवरून. मिनिटाला तेहतीस फेरे घेणारी तबकडी जुन्या रेकॉर्ड प्लेयरवर सोळाच्या गतीला लावायची. गती निम्मी, सूर बरोबर एक सप्तक खाली. "माझ्या डोक्यात स्क्रग्ज अजून खर्जातच वाजतो," ते म्हणायचे. एका कडव्याला दोन महिने. 1968 साली स्क्रग्जचं शिकवणीचं पुस्तक आलं तेव्हा त्यांना कळलं की एका ठिकाणी आपण तीन वर्षं चुकीच्या बोटाने वाजवतोय. बोट त्यांनी बदललं नाही.

बँजोचं गणित मला त्यांनी समजावलं आणि मी ते आपल्या भाषेत करून घेतलं. चार लांब तारा: मंद्र पंचम, षड्ज, गंधार, पंचम. आणि पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांडीच्या मध्येच, पाचव्या पडद्यापाशी. ती तार षड्जाची. अंगठ्याजवळ असते आणि गाण्यात काहीही होवो, ती मध्ये मध्ये ‘सा’ म्हणत राहते. तंबोऱ्याचं काम, पण धावत. आठ मात्रांत उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं फिरत राहतात, तीन-तीन-दोन अशा गटांत. मी भजनी ठेक्यावर वाढलेला, आठ मात्रा मला झोपेतही येतात, पण त्यांची ही तीन-तीन-दोनची विभागणी अंगात मुरायला वर्ष गेलं. गाणं वरच्या पट्टीत गेलं की पाचव्या तारेला पुढच्या पडद्यापाशी अडकवावं लागतं. त्यासाठी दांडीत बारीक खिळे ठोकलेले असतात. हे खिळे कसले, तर खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ ठोकायचे! पाच किलोचं, पितळी कड्याचं, महागडं वाद्य, आणि त्यात लहान मुलाच्या आगगाडीचे खिळे. बुवांच्या पेटीत त्यांची एक डबी कायम असे.

सुरात लावण्याबद्दल बँजोवाल्यांवर एक जुना विनोद आहे: अर्धं आयुष्य वाद्य लावण्यात जातं आणि उरलेलं अर्धं बेसूर वाजवण्यात. बुवा तो स्वतःच सांगायचे, वाद्य लावता लावता. कार्यक्रमात प्रेक्षक थांबलेले, आमचा गिटारवाला घड्याळ बघतोय, आणि बुवा तारेला कान लावून बसलेत. मला ते ओळखीचं होतं. मैफलीत तंबोरे जुळेपर्यंत अख्खं सभागृह थांबतं आणि कोणाला त्यात वेळ गेल्यासारखा वाटत नाही. अमेरिकन माणूस मात्र चुळबुळतो.

28 मार्च 2012 ला अर्ल स्क्रग्ज नॅशव्हिलमध्ये गेले. बुधवार होता. दुसऱ्या दिवशी आमचा गुरुवार. तळघरात सगळे जमले, पण सुरुवात कोणी करेना. बुवांनी त्या दिवशी फारच वेळ घेतला. मग लक्षात आलं, ते नेहमीचं लावणं नव्हतंच, तारा ‘डी’ पट्टीत उतरवत होते. आणि त्यांनी ‘रूबेन’ ही धून सुरू केली. दहा वर्षांचा अर्ल भावाशी भांडण झाल्यावर एका खोलीत जाऊन बसला, तंद्रीत हेच वाजवत होता, आणि अचानक त्याच्या लक्षात आलं की आपण तीन बोटांनी वाजवतोय. बुवांनी ते एकट्याने वाजवलं. आम्ही कोणी साथ केली नाही. मीही नाही, आणि मला ते अजून टोचतं. ‘छक’ची जागा मोकळी दिसत होती, पण त्या वेळी ती मोकळीच राहू द्यावी असं वाटलं. संपल्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कुठे होतास?"

स्क्रग्जची आणखी एक गोष्ट त्यांना फार प्रिय होती. अर्ल आणि त्याचा भाऊ होरेस लहानपणी एकच गाणं बरोबर सुरू करायचे, आणि घराला विरुद्ध दिशांनी फेरी घालत चालायचे. मागच्या बाजूला भेटल्यावर दोघं अजून एकाच मात्रेवर आहेत का, ही परीक्षा. त्या वसंतात बुवांनी मला चर्चभोवती चालायला लावलं. ते डावीकडून, मी उजवीकडून. दफनभूमीच्या कुंपणापाशी आम्ही भेटायचो. पहिल्या दिवशी मी दोन मात्रा पुढे निघून गेलो होतो. दुसऱ्या आठवड्यात एक. ऑगस्टमध्ये कधीतरी जमलं. ते काही बोलले नाहीत, वाजवत वाजवत तसेच पुढे निघून गेले, आणि मला पुन्हा अख्खी फेरी घालावी लागली.

2014 च्या जानेवारीत शेल्बी गावात, जुन्या कोर्टाच्या इमारतीत, स्क्रग्जच्या नावाचं संग्रहालय उघडलं. आम्ही दोघं एप्रिलमध्ये गेलो. वाटेत त्यांनी मला लिव्हरमश खायला घातलं. डुकराची कलेजी आणि मक्याचं पीठ शिजवून वडी थापायची, काप काढून तव्यावर तळायचे. कृती ऐकून मला कोथिंबीर वडी आठवली. चव घेतल्यावर नाही. संग्रहालयात मला वाटलं होतं ते वाद्यांपाशी रेंगाळतील. वाद्यं त्यांनी भराभर उरकली. थांबले ते गिरण्यांच्या माहितीपाशी. महायुद्धाच्या काळात स्क्रग्ज शेल्बीच्या लिली मिलमध्ये सुताच्या कामावर होता. परतताना गाडीत बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाळी संपली की हातात काही उरत नाही. त्याच्या हातात कसं उरलं?" मी उत्तर दिलं नाही. माझे वडील दुसऱ्या पाळीहून मध्यरात्री आल्यावर जेवणाआधी पाच मिनिटं टाळ पुसत बसायचे, वाजवायचे नाहीत. ते त्यांना सांगायला हवं होतं, असं आता वाटतं.

कार्यक्रमात बुवा एक गोष्ट न चुकता बोलायचे, आणि त्यामुळे एकदोन ठिकाणची बोलावणी बंदही झाली. "हे वाद्य आमचं नाही," ते म्हणायचे. पश्चिम आफ्रिकेत भोपळ्यावर कातडं ताणून बनवलेली तंतुवाद्यं आहेत. सेनेगल-गांबियाच्या भागातल्या जोला लोकांचं अकोंटिंग हे त्यातलं एक, त्यालाही अशीच एक आखूड तार. गुलाम करून आणलेल्या माणसांनी ते ज्ञान हातात आणि डोक्यात ठेवून समुद्र ओलांडला. मग 1830-40 च्या दशकांत व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनीसारख्या गोऱ्या माणसांनी तोंडाला काळं फासून तमाशे केले, बँजो लोकप्रिय केला, आणि पुढच्या शंभर वर्षांत तो डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्याचं वाद्य म्हणून ओळखला जाऊ लागला. 2005 साली याच राज्यातल्या बून गावात कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा झाला, तिथे बुवा मागच्या रांगेत बसून आले होते. त्यातूनच पुढे कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड निघाला. "माझी पाचवी तार कोणाची आहे, हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं," असं ते सांगायचे. प्रेक्षकांत कोणीतरी खुर्ची सरकवायचं. ते ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ सुरू करायचे, आणि खुर्ची परत जागेवर यायची. स्क्रग्जने 1949 च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित केलेली ही धून ऐकून इथे कोणी उठून जात नाही.

आम्ही मित्र होतो का, हा प्रश्न त्यांच्या अंत्यविधीला मला पडला. त्यांच्या मुलीने विचारलं, "तुम्ही बाबांना कसे ओळखायचे?" आणि मी अडलो. ते मत कोणाला देतात हे मला अंदाजाने माहीत होतं, आणि त्या अंदाजाची मला खात्री करून घ्यायची नव्हती. त्यांच्या पत्नीचं नाव मला दोन वर्षांनी कळलं. माझ्या घटस्फोटाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. त्या महिन्यात प्रत्येक गाणं थोडं सावकाश घेतलं, एवढंच. उलट ते कडव्याच्या शेवटी कोणता स्वर गाळणार, हे मला त्यांच्या खांद्यावरून कळायचं. इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्यात ‘एकाच बँडमधले’ एवढंच येतं. आपल्याकडे ‘साथ’ आहे. तबल्याची तीही साथ आणि जन्माची तीही साथच. मी तिला म्हणालो, "मी त्यांच्या साथीला होतो." इंग्रजीत ते फारच तोकडं झालं. तिला वाटलं असावं, मी आणखी काही बोलेन.

त्यांनी मला शिकवलेली सगळ्यात अवघड गोष्ट बाजूला सरण्याची. चौथ्या-पाचव्या वर्षी माझा हात बरा चालायला लागला आणि डोक्यात वारं शिरलं. एका उन्हाळी जत्रेत गायिका गात असताना मी मागे स्वरांची बरसात केली. लोकांनी टाळ्या दिल्या. गाडीपाशी बुवा म्हणाले, "छान होतं. तिने कोणतं गाणं गायलं?" मला खरंच आठवलं नाही. ते माझ्या गाडीला टेकून हसत राहिले, आणि मग स्वतःच्या पेटीतला थर्मास काढून कॉफी दिली. रागावले असते तर बरं झालं असतं.

शेवटची दोनेक वर्षं त्यांची बोटं आखडत गेली. डॉक्टर, गोळ्या, वितळलेल्या गरम मेणात हात बुडवणं, सगळं झालं. वेगातले रोल, म्हणजे अंगठ्याची आणि बोटांची ती फिरती आवर्तनं, गेले. आमच्या फिडलवाल्याला वाटलं आता दुसरा बँजोवाला बघायला हवा, आणि त्याने ते मला बोलूनही दाखवलं. मी गप्प राहिलो, म्हणजे अर्धा सहमत होतो. पण बुवांनी वाजवणं सोडलं नाही, स्वर सोडले. आठाचे पाच झाले, पाचाचे तीन. शेवटच्या काही गुरुवारी अंगठ्याने पाचवी तार आणि एका बोटाने आणखी एखादा स्वर, एवढंच. मला आज प्रामाणिकपणे वाटतं की त्यांचं सगळ्यात चांगलं वादन ते होतं. फिडलवाल्याला असं वाटत नाही. यावर आमचा वाद अजून चालू आहे.

2022 च्या डिसेंबरात ते झोपेतच गेले. नंतर दोन गुरुवार आम्ही जमलो नाही. तिसऱ्या गुरुवारी वाजवायला लागलो तर प्रत्येक गाणं पळायला लागलं. आम्हाला वाटायचं ताल मी धरतो, बास धरतो. बँजो गेल्यावर कळलं की त्या सततच्या खळखळीत आमच्या सगळ्यांच्या चुका बुडून जात होत्या. माझा ‘छक’ आता असा उघडा ऐकू येतो की मला लाज वाटते. जानेवारीत एक तरुण मुलगी बँजो घेऊन आली. हात जलद, सफाईदार. चांगली आहे. सुरात लावायला तिला अर्धं मिनिट पुरतं, खुंटीला चिकटवलेलं छोटं यंत्र बघून ती लावते.

माझ्या फोनमध्ये बुवांचं एकच ध्वनिमुद्रण आहे. 2022 च्याच मे महिन्यातलं, माझ्या स्वयंपाकघरातलं. आई गेल्यावर मी गावाहून वडिलांचे टाळ घेऊन आलो होतो आणि ते बुवांना दाखवायचे होते. त्यांनी टाळ हातात घेतले, वजन पाहिलं, कडेला बोट फिरवून झिजलेली जागा शोधली आणि तिथेच अंगठा ठेवला. मग म्हणाले, वाजव. ठरलं होतं ते असं की मी ‘ग्यानबा-तुकाराम’चा गजर धरायचा आणि ते जमेल तशी साथ करणार. ध्वनिमुद्रण अकरा मिनिटांचं आहे. गजर त्यातला चार मिनिटांचा, आणि खरं सांगायचं तर फार काही जमलेलं नाही. मी भराभर घेतलंय आणि ते मागे पडलेत. बाकीची सात मिनिटं ते बँजो लावतायत. टाळ काही कुठल्या पट्टीत नसतो. हा टाळ त्यांच्या षड्जापेक्षा किंचित वर बोलत होता, दोन स्वरांच्या मध्ये कुठेतरी. मी म्हटलं, बुवा, राहू द्या, टाळाला कोण सुरात मोजतं. ते ऐकेनात. पाचही तारा त्या टाळाच्या नादाला लावायच्या म्हणून बसले. उजवा कान माझ्याकडे. मी टाळ एकदा वाजवतो, नाद संपेपर्यंत ते थांबतात, मग खुंटी कुरकुरते, पाचवी तार केसभर चढते.

"परत," ते म्हणतात.

मी परत वाजवतो.